फाट्यावरची विचारपूस

डिचोलीहून खाणीकडे वळणाऱ्या फाट्यावर यशोदा परबचा चहाचा गाडा होता आणि त्याला लागून तिच्या नवऱ्याचं, सदाशिवचं, टायर-पंक्चरचं दुकान. दोघंही मूळची दोडामार्गाकडची. लग्नानंतर खाणीच्या आधाराने इकडे आली आणि इकडचीच झाली. सदाशिव बोलण्यात भारी कंजूष. चाक खोलून, ट्यूब पाण्यात बुडवून, भोक शोधून, ठिगळ मारून गाडी वाटेला लावेपर्यंत त्याच्या तोंडून चार शब्द सुटले तर पुष्कळ. त्याच्या वाटणीचंही यशोदाच बोलायची.

खाणीचे ट्रक वजनकाट्यापाशी तासन्‌तास रांगेत उभे असत. रांग सोडली की नंबर जायचा, म्हणून ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसूनच फोन लावायचे, "वयनी, सात चहा, तीन भाजी-पाव." कोणाचा फोन आहे ते कळावं म्हणून यशोदाने गाड्याच्या प्लायवूडच्या भिंतीवर सगळ्यांची नावं आणि नंबर पेन्सिलीने लिहून ठेवले होते. शाळा सातवीपर्यंतच झालेली. अक्षर मोठं, सुटं सुटं. काही नावांपुढे साखर कमी, आलं नको, पाव कडक, असंही लिहिलेलं. एकूण एकेचाळीस नावं होती.

पावसाळ्यात खाणी दरवर्षी बंदच असायच्या. चवथ झाली, गणपती पोचवले की ट्रक धुऊन-पुसून, हार घालून पुन्हा रस्त्यावर येत. त्या वर्षी आले नाहीत. आधी सरकारने खाणी थांबवल्या, मग प्रकरण कोर्टात गेलं, आणि पेपरात रोज काहीतरी छापून यायला लागलं. सुरुवातीला ड्रायव्हर सवयीने फाट्यावर जमत, पेपर वाचत, वाद घालत. दिवाळीला त्यातले निम्मे उरले. शिमग्याला पाच-सहा. कोणी कुठे कामाला लागला असेल, कोणी गावी गेला असेल, असं यशोदा धरून चालली. विचारलं मात्र कोणालाच नाही. तिला पुढे बरीच वर्षं चावत राहिलं ते हेच.

स्वप्नील मळीक नार्व्याचा. तिशी नुकती ओलांडलेली, रांगेत कंटाळा आला की हॉर्नवर आरतीची चाल वाजवून मागच्या-पुढच्यांना हसवणारा. एप्रिलमध्ये एका सकाळी पोदेर पाव टाकायला आला तो त्याची बातमी घेऊनच आला. स्वप्नीलने स्वतःच स्वतःला संपवलं होतं.

यशोदा आणि सदाशिव स्कूटर घेऊन नार्व्याला गेले. घरात माणसं होती, पण सगळी अंगणात, हलक्या आवाजात बोलत उभी. म्हाताऱ्याचं मरण असतं तर आत बसली असती. स्वप्नीलची बायको तेजस्विनी आतल्या खोलीत एकटीच भिंतीला टेकून होती. यशोदा तिच्याजवळ जमिनीवर बसली. बऱ्याच वेळाने तेजस्विनी म्हणाली, "शेवटच्या महिन्यात त्यांचो फोन वाजलोच नाय, वयनी. आधी दिसभर वाजायचो. मग ते माका सांगायचे, तू आतल्या खोलीतसून रिंग दी बघू, फोन बिघडलो की काय. मी द्यायची." ती थांबली. "फोन बरो होतो."

परतीच्या वाटेवर सदाशिवने दोनदा आरशात तिच्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, गाड्यावर चिटपाखरू नसताना, यशोदाने प्लायवूडवरच्या पहिल्या नावाला फोन लावला. पलीकडून लगेच आवाज आला, "काय झालां वयनी? कोण गेलो?"

"कोण गेलो नाय. जेवलंस काय, विचारूक फोन केलंय."

 मग तो माणूस हसला, "जेवलंय," म्हणाला. त्या दुपारी तिने पाच फोन केले. पाचांतले तिघे आधी हेच म्हणाले, कोण गेलो? एरवी आपल्याला फोन येईल असं त्यांना वाटतच नव्हतं.

रोज पाच-सहा फोन, असा आठवड्याला सगळा फळा पुरा व्हायचा. लोक काय म्हणणार ते म्हणालेच. परबीण दुसऱ्यांच्या नवऱ्यांना फोन करते म्हणे, दुपारची, एकटी असताना. एका ड्रायव्हरच्या बायकोने तर फोन हिसकावून घेऊन यशोदाची अशी हजेरी घेतली की तिचा कान लाल झाला. तिने फोन ठेवला आणि चहाचं भांडं घासायला घेतलं. घासून झालेलं भांडं तिने पुन्हा घासलं. सदाशिव दुकानातून सगळं ऐकत होता. हात पुसत तो आला आणि आपला फोन तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "फाल्यापासून माझ्या फोनवरसून कर. कोणी विचारल्यान तर मी बसलंय हय."

आणि खरोखर दुसऱ्या दिवसापासून तो रोज तीन वाजता स्टूल टाकून शेजारी बसायला लागला. बोलायचा नाही. फक्त बसायचा.

फळ्यावरचं सतरावं नाव प्रवीण गडेकरचं होतं. पेडण्यातल्या इब्रामपूरचा. स्वतःचा ट्रक, स्वतःच ड्रायव्हर. त्याचं उत्तर दर आठवड्याला ठरलेलं, "बरां आसा, वयनी." पाचव्या आठवड्यातही तो तेच म्हणाला, पण फोन ठेवता ठेवता सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "वयनी, आता फुडल्या वेळार फोन नाय केल्यात तरी चलात."

यशोदाच्या हातातली पेन्सिल थांबली. आवाजात काही नव्हतं. राग नाही, रडं नाही. तेच तिला खटकलं. स्वप्नीलचं घर, भिंतीला टेकलेली तेजस्विनी तिच्या डोळ्यांपुढे आली आणि विचारू की नको असं मनात येण्याआधीच तिने विचारून टाकलं, "प्रवीण, जीव देवचो इचार येता काय रे तुझ्या मनात?"

सदाशिवने मान वर केली. 

"येता," प्रवीण म्हणाला.

"घरात कोण आसा आता?"

"आई आसा. पाटल्या दारी."

"तिका हाक मार. फोन ठेवू नको. माझ्यावांगडा बोलत रव, आमी येतोव."

सदाशिवने तोवर दुकानाचं शटर ओढलंसुद्धा होतं. डिचोलीपासून इब्रामपूरपर्यंत यशोदा स्कूटरच्या मागच्या सीटवर फोन कानाला लावून बसली होती. रेंज जायची, यायची. गेली की ती पुन्हा लावायची. काय बोलली ते तिलाही नंतर आठवलं नाही. इब्रामपूरच्या उसाचं, फणसाचं, आईच्या गुडघ्यांचं, असलंच काहीतरी. ते पोचले तेव्हा प्रवीण सोप्यावर आईच्या शेजारी बसला होता आणि फोन अजून त्याच्या कानाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाला बरोबर घेऊन ते चौघे म्हापशाच्या इस्पितळात गेले. तिथल्या मानसोपचाराच्या विभागात डॉक्टर क्षमा म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी प्रवीणशी तासभर बोलून घेतलं, औषधं लिहून दिली, आठवड्याने बोलावलं. मग यशोदाला आत घेतलं.

"तुम्ही त्याला सरळ विचारलंत?"

यशोदा घाबरली. "चुकलां माझा? विचारल्यान तो इचार वाढता, असां म्हणतत लोक."

"वाढत नाही. उलट सांगायला कोणीतरी मिळतं. शिकलेली माणसंसुद्धा हा प्रश्न विचारायला कचरतात. तुम्हांला कोणी शिकवलं?"

"माका कोण शिकयतलो, डॉक्टर? मी चहा विकतंय."

डॉक्टर क्षमा हसल्या नाहीत. त्यांनी आपला नंबर एका कागदावर लिहून दिला आणि म्हणाल्या, "असा फोन पुन्हा आला, तर मला लावा. कधीही."

तो कागद यशोदाने प्लायवूडवर सगळ्यात वर चिकटवला.

प्रवीणला बरं व्हायला वर्ष लागलं. मध्ये दोनदा तो पुन्हा खचला, औषधं बदलावी लागली. पण एका बुधवारी तो फाट्यावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वयनी, पेडण्याकडचे जे कोण आसत, त्यांचे नंबर माका दिया. तांका मी करतंय फोन."

यशोदाने सदाशिवकडे बघितलं. सदाशिवने आतून आणखी एक स्टूल आणून ठेवलं.

तिसरे आले बाबुराव. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात दोन पेनं. चहा पिता पिता त्यांनी महिनाभर हा प्रकार बघितला आणि शेवटी त्यांना राहवलं नाही. "वहिनी, हे असं भिंतीवर चालत नाही. उद्या कोणी पाणी मारलं तर गेली सगळी माणसं." दुसऱ्या दिवशी ते जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आले. प्रत्येक नावाला एक पान. प्रत्येक पानावर वार, वेळ आणि खाली काय बोलणं झालं ते. ही वेळ बाबुरावांची कल्पना. ते म्हणाले, "कधीतरी फोन करतो म्हणणं निराळं आणि मंगळवारी अकराला करतो म्हणणं निराळं. माणूस अकराची वाट बघतो. आणि वाट बघायला लावली की मग चुकवायचं नाही. पाऊस असो, लग्न असो." तीनदा लावून फोन उचलला नाही, तर चौथ्या वेळी कोणीतरी घरी जायचं, हेही त्यांनीच लिहून काढलं. आणि आणखी एक: त्या माणसाने 'हो, करा' म्हटल्याशिवाय नाव वहीत घ्यायचं नाही, आणि वहीतलं बाहेर बोलायचं नाही.

दोन वर्षांत वह्या चार झाल्या. नावं आता फक्त ट्रकवाल्यांची नव्हती. कोणाची बहीण, कोणाचा सासरा, घर खायला उठतं म्हणणारा मये गावचा एक निवृत्त मास्तर, नवरा गेलेली तेजस्विनी. डॉक्टर क्षमा महिन्यातून एका रविवारी फाट्यावर येत आणि फोन करणाऱ्यांना शिकवत: ऐकायचं कसं, उपदेश कुठे थांबवायचा, कोणत्या बोलण्यावर इस्पितळ गाठायचंच. टायरच्या दुकानात, लटकवलेल्या ट्यूबांखाली, दहा-बारा माणसं वह्या मांडीवर घेऊन बसत.

संस्थेची नोंदणी करायची ठरली तेव्हा कचेरीतल्या कारकुनाने फॉर्म पुढे ओढला. "संस्था काय करते?"

"फोन करता," यशोदा म्हणाली.

"कशासंबंधी?"

"जेवले काय, निजले काय, जीव नकोसो झालो काय, ह्या विचारूक."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. लोक तुम्हांला फोन करतात ना, हेल्पलाइन असते तशी, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. बाबुरावांनी त्याला समजावलं की ज्याच्याने बोलवतच नाही तो फोन कुठून करणार, म्हणून आम्हीच करतो. नाव काय, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नावाचा विचार कोणी केलाच नव्हता. कारकूनच म्हणाला, "म्हणजे विचारपूस करता." तेच नाव पडलं. विचारपूस, डिचोली. सही करताना यशोदाचं अक्षर नेहमीसारखंच मोठं, सुटं सुटं आलं.

मग महामारीचं वर्ष आलं. सगळं जग दारं लावून बसलं आणि विचारपूसचं काम दुप्पट झालं, कारण फोनला बंद दार आडवं येत नव्हतं. किनाऱ्यावरच्या शॅकमधली माणसं, हॉटेलांतले, टॅक्सीवाले, सगळ्यांची नावं वह्यांत आली. त्यातच मोरजीची कमल होती. दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायची, हंगामात एका शॅकचं स्वयंपाकघर सांभाळायची. तिचा फोन यशोदाकडे होता, गुरुवारी चारला.

कमलचा फोन म्हणजे यशोदाला विसावा. ती हसवायची. किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या कासवांचं सांगायची, माणसं नाहीत म्हणून यंदा कशी थाटात आली, आणि मग यशोदालाच विचारायची, तुमचं काय चाललंय, सदाशिवभावांची पाठ कशी आहे. अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही. दोन वर्षं असं चाललं. आणि एका सोमवारी मोरजीहून निरोप आला. कमलने जीव दिला होता.

यशोदाने कमलचं पान उघडलं. पानभर इकडचं-तिकडचंच बोलणं होतं. कासवं, पाठ, दोडामार्गची लग्नं. कमलने तिला आपल्याबद्दल काही विचारूच दिलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी दुकानात सगळे जमले. प्रवीण म्हणाला, "मी नाव काढतंय माझां. आमका ह्या जमण्यासारखा नाय." बाबुरावांनी वही मिटून ठेवली होती. डॉक्टर क्षमा म्हापशाहून आल्या, स्टुलावर बसल्या आणि सरळ सांगायला लागल्या.

"माझेही पेशंट जातात. तुम्ही किती फोन केले तरी काही जण जाणार, हे मी तुम्हांला पहिल्या रविवारी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक. दुसरी चूक अशी की माझा पेशंट गेला तर मी दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन बसते, बोलते. तुम्हांला कोण आहे? जो फोन करतो, त्यालाही कोणीतरी फोन करायला हवा. आजपासून तुमचीही नावं वहीत." मग त्या यशोदाकडे वळल्या. "आणि जीव द्यायचा विचार येतो का, हे तीन महिन्यांतून एकदा सगळ्यांना विचारायचं. हसणाऱ्यांना आधी."

यशोदाने मान हलवली. तिला रडू येत नव्हतं आणि तेच तिला जड जात होतं.

गुरुवारी चार वाजता ती उठली, वही उघडली आणि कमलच्याच नंबरावर फोन लावला. सदाशिव म्हणाला, "अगो..."

एका मुलीने फोन उचलला. "कोण?"

"मी डिचोलेची यशोदा. विचारपूसची."

"आई नाय आता. तुमका कोणी सांगूक नाय?" मुलीचा आवाज धारदार होता. "तुमीच ना ते? दर गुरुवारी? काय उपयोग झालो तुमच्या फोनाचो?"

"मीय ताच इचारतंय रोज," यशोदा म्हणाली. "माका म्हायत आसा तुझी आई नाय ती. फोन तुका केलंय, बाय. तू जेवलंस?"

मुलीने फोन कापला. पुढच्या गुरुवारी यशोदाने पुन्हा लावला. पोरीने पुन्हा कापला. त्याच्या पुढच्या गुरुवारी कापला नाही. बोलली नाही, पण कापलाही नाही. पाचव्या गुरुवारी तिने सांगितलं, माझं नाव सेजल, आणि मग ती चाळीस मिनिटं बोलली, आईला शिव्या घालत आणि आईसाठी रडत. यशोदाने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. वर्षभर गुरुवार चुकला नाही. प्रवीणने आपलं नाव काढलं नाही. तो एका शुक्रवारी नेहमीच्या वेळेला येऊन स्टुलावर बसला आणि नंबर लावायला लागला.

सेजल पुढे समाजकार्य शिकली. शिकून झाल्यावर चांगल्या नोकरीचं पत्र हातात असताना ती फाट्यावर आली आणि यशोदाला म्हणाली, "काकी, तुमचो कारभार मोठो झालो, पण वहीतच रवलो. माका घेतात?"

"पगार थोडो मेळतलो," यशोदाने सांगितलं.

"माका म्हायत आसा. मी तुमचो अर्ज वाचलंय." संस्थेचा मदतीसाठीचा अर्ज, बाबुरावांनी लिहिलेला, सहा पानी. सेजलने तो दोन पानांत बसवला आणि पहिल्याच वर्षी तो मंजूर होऊन आला.

तिनेच इस्पितळाशी बोलणं लावलं. ज्याने एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला आणि वाचला, तो घरी गेल्यावरचे पहिले काही महिने सगळ्यांत नाजूक, असं डॉक्टर क्षमा किती वर्षं सांगत होत्या. आता घरी सोडताना इस्पितळ त्याला विचारणार, विचारपूसने तुम्हांला वर्षभर फोन केलेला चालेल का? हो म्हटलं तर त्याचा वार आणि वेळ तिथेच ठरणार. बैठकीला मोठमोठे अधिकारी होते. एकाने शंका काढली की या बाईंचं शिक्षण किती. डॉक्टर क्षमा म्हणाल्या, "सर, जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारायला मला त्यांनी शिकवलंय," आणि पुढचा मुद्दा घेतला. यशोदा घरी येईपर्यंत त्या वाक्यावर बोलली नाही. रात्री जेवताना सदाशिवला तिने ते दोनदा सांगितलं.

यंदा जानेवारीत पेडण्यात विचारपूसचं दुसरं केंद्र उघडलं. बाजारापासून जवळ, दोन खोल्या आणि पुढे लहानसं सभागृह. अठ्ठावीस माणसं आता फोन करतात, चारशेच्या वर नावं आहेत, आणि पेडण्याच्या केंद्राची सगळी जबाबदारी प्रवीणवर. उद्‌घाटन मंगळवारी दहाला ठरलं. मोरजी, इब्रामपूर, चांदेल, नार्वे, कुठकुठची माणसं आली. बाबुरावांना आता काठी लागते, पण खिशात दोन पेनं होतीच. सदाशिव पांढऱ्या शर्टात पहिल्या रांगेत अवघडून बसला होता. बसवलं होतं त्याला.

पाहुणे यायला उशीर झाला. पणजीहून येणारे बडे अधिकारी पावणेअकराला पोचले. स्वागत, गुलाब, ओळखी. निवेदन करणाऱ्या मुलाने सांगितलं, "आता संस्थापिका श्रीमती यशोदा सदाशिव परब यांच्या हस्ते दीपप्रज्वलन होईल." टाळ्या झाल्या. आणि व्यासपीठावरच्या यशोदाच्या खुर्चीवर कोणीच नव्हतं.

अकराला एक मिनिट कमी असताना ती उठली होती आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं होतं. मंगळवारी अकराचं नाव एका तरुणाचं होतं, तीन आठवड्यांपूर्वी इस्पितळातून घरी सोडलेला. पहिल्या मंगळवारी तो "हं" म्हणाला होता. दुसऱ्या मंगळवारीही "हं."

बाहेर काय झालं ते तिला नंतर सेजलने सांगितलं. निवेदक गोंधळला. एका अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं. सेजल माइकपाशी गेली आणि म्हणाली, "काकींचा एक फोन आहे. त्याची वेळ ठरलेली आहे. झाला की त्या येतील." एवढंच. किती वेळ लागेल ते तिने सांगितलं नाही, माफी मागितली नाही. डॉक्टर क्षमा हाताची घडी घालून निवांत बसल्या. बाबुराव काठीवर हनुवटी टेकून बसले. फोन करणाऱ्यांतलं कोणीच चुळबुळलं नाही; फोन संपेपर्यंत थांबायची त्यांना सवयच होती. हळूहळू बाकीचं सभागृहही गप्प झालं. अडीचशे माणसं, पेटायची राहिलेली समई, आणि बंद दार. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. त्या अधिकाऱ्याने शेजारी बसलेल्या सदाशिवला हळूच विचारलं, "या परबबाई कोण, तुम्ही ओळखता?"

"माझी बायल," सदाशिव म्हणाला. मग त्याला ते पुरेसं वाटलं नसावं. तो अधिकाऱ्याकडे वळून बसला आणि खाणी बंद झाल्या तिथपासून सांगायला लागला. प्लायवूडची भिंत, एकेचाळीस नावं, इब्रामपूरची वाट. मागच्या रांगेतल्यांनाही ऐकू जात होतं. प्रवीण म्हणाला, बारा वर्षांत सदाशिवभावांचं मी ऐकलं नसेल तेवढं बोलणं त्या पाच-सात मिनिटांत ऐकलं.

बावीस मिनिटांनी दार उघडलं. यशोदा पदर सारखा करत बाहेर आली आणि एवढी सगळी माणसं आपल्यासाठी गप्प बसलीत हे बघून दारातच थबकली. सेजल पुढे झाली. "काकी?" तिने अगदी हळू विचारलं.

"आज बोललो तो," यशोदा म्हणाली.

सेजलने मान दुसरीकडे फिरवली. प्रवीणने टेबलावरची वही ओढली आणि त्या पानावर पुढच्या मंगळवारची तारीख घातली, अकरा वाजता. यशोदा व्यासपीठावर गेली, तिला बघून उभ्या राहिलेल्या पाहुण्यांना नमस्कार केला, "बसा, बसा, उभे कित्याक?" म्हणाली. मग तिने काडी ओढली. पाचही वाती तिने एकेक करून, कुठेही घाई न करता लावल्या.